हजाराला सहा कमी

भावजींनी सहलीचं वेळापत्रक छापून आणलं होतं आणि त्याची एकेक प्रत प्रत्येकाच्या हातात ठेवली होती. आठ दिवस, दिवसाचे चार चौकोन, आणि चौकोनांना रंग. समुद्र निळा, संग्रहालयं पिवळी, खरेदी गुलाबी. त्या बत्तीस चौकोनांत राखाडी चौकोन एकच होता. त्यात लिहिलं होतं, 'धाकटीचं काम'.

"काम नाहीये ते, छंद आहे," तिने विमानतळावरच सांगितलं.

"छंदाला वेगळा रंग नाही ठेवलेला," भावजी म्हणाले. "आणि एवढं ओझं वाहायचं म्हणजे कामच की."

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. वय त्रेचाळीस, पण नाव पडलं ते पडलं. थोरल्या सूनबाईंना रजा मिळाली नव्हती, म्हणून सहलीला निघाले ते पाच जण: सासूबाई, भावजी म्हणजे धाकटीचे मोठे दीर, धाकटी, तिचा नवरा आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली त्यांची लेक. नोकरीने धाकटी वजनमापं खात्यात निरीक्षक होती. दुकानादुकानांतून फिरायचं, तराजू तपासायचे, बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा, खोट असेल त्याच्या नोंदीवर आडवी रेघ ओढायची. बाजारात ती दिसली की अर्ध्या दुकानदारांना एकदम फोन येत.

आणि रविवारी ती डोंगरावर जायची. माथ्यावर काठी उभी करायची, तिला तार बांधायची, जेवणाच्या डब्याएवढा रेडिओ जोडायचा आणि हाक मारायची. कुणीतरी कुठूनतरी ओ देतं. तुमचा आवाज कसा पोचतोय त्याचा एक जोड-आकडा, तीन-तीन किंवा पाच-पाच असा, तो तुम्हाला सांगतो, त्याचा आकडा तुम्ही त्याला सांगायचा. दोन्ही आकडे दोन्हीकडे पोचले की एक गाठ पडली. एका माथ्यावरून चार वेगवेगळ्या माणसांशी अशा चार गाठी पडल्या तर त्या डोंगराचे गुण मिळतात. तीनच पडल्या तर शून्य.

अकरा वर्षांत तिचे नऊशे चौऱ्याण्णव गुण झाले होते. एक डोंगर वर्षातून एकदाच मोजतात, आणि घराजवळचे सगळे यंदाचे मोजून झाले होते. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं. हाडांचे डॉक्टर म्हणाले होते, सपाटीवर खुशाल चाला, चढ विसरा. "किती दिवस?" असं तिने विचारलं, तेव्हा त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "दिवस नाही हो." सहलीच्या गावापासून तासाभरावर एक डोंगर होता, आठ गुणांचा. त्या देशात रेडिओ वापरायचं परवानगीपत्र मिळवायला तिला चार महिने लागले होते.

"गुण घेऊन करायचं काय?" सासूबाईंनी एकदा विचारलं होतं.

"काही नाही. हजार होतील."

"हजार झाले की काय देतात?"

"कागद."

सासूबाईंनी जरा विचार केला. "कागद बरा. ठेवायला जागा लागत नाही."

जागेचा प्रश्न खराच होता. विमानतळावर तिची बॅग उघडायला लावली तेव्हा तपासनीस तारेच्या भेंडोळ्याकडे, मग बॅटरीकडे आणि मग तिच्याकडे पाहत राहिला. रेडिओ आहे, असं तिने सांगितलं. "गाणी लागतात?" त्याने विचारलं. "नाही." "मग बातम्या?" "नाही." मागच्या रांगेतून लेक शांतपणे म्हणाली, "आई, निदान बातम्या लागतात म्हण." मोठी बॅटरी विमानात चालत नाही, म्हणून तिने लहान आणली होती. तिचेही कागद दाखवल्यावरच सुटका झाली.

राखाडी चौकोन मूळचा मंगळवारचा. मंगळवारी समुद्र खवळला, सासूबाईंची बोट रद्द झाली आणि भावजींनी सगळे चौकोन इकडचे तिकडे केले. ही बोट काचेच्या तळाची होती. खाली वाकलं की समुद्राचा तळ दिसतो, असं जाहिरातीत होतं, आणि आठ दिवसांत सासूबाईंनी तोंडाने मागितलेली गोष्ट तेवढी एकच. गुरुवारी पुन्हा वारा. होता होता दोन्ही गोष्टी शनिवारवर येऊन ठेपल्या. सकाळी डोंगर, दुपारी दोनला बोट, आणि रविवारी पहाटे परतीचं विमान.

"दहा ते बारा तुझे," भावजी म्हणाले. "बाराला माथा सोडायचा म्हणजे सोडायचा."

"मी एकटी जाते ना. टॅक्सी करते."

"गुडघा घेऊन एकटी?" नवरा म्हणाला. "मी येतो."

"मग गाडी मीच चालवतो," भावजी म्हणाले.

"मग मी एकटी खोलीत बसून भिंती बघू काय?" सासूबाई म्हणाल्या.

लेकीने हेडफोन काढले आणि सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे सहल."

शुक्रवारी संध्याकाळी भाड्याच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून धाकटीने फोनवर आगाऊ सूचना टाकली. ही सूचना महत्त्वाची. अमक्या डोंगरावर अमक्या वेळी अमकी व्यक्ती येणार, हे या छंदातल्या लोकांना एका संकेतस्थळावर कळतं, आणि मग ते आपापल्या घरी रेडिओ लावून वाट बघतात. वेळ तिथे जागतिक घड्याळाची टाकायची असते, म्हणजे दहा देशांतल्या लोकांचा गोंधळ होत नाही. ती टाकत असताना सासूबाईंना चष्मा सापडत नव्हता, भावजी उद्याच्या सँडविचची मोजदाद करत होते आणि नवरा विचारत होता की इस्त्रीचं बटण कुठे आहे. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं, 'हजाराला सहा कमी. कृपया या.' एरवी ती असं कधी लिहीत नसे.

शनिवारी ती पावणेदहाला माथ्यावर पोचली. कशी पोचली ते तिलाच ठाऊक. वाटेत सासूबाईंना दोनदा बसायचं होतं, भावजींना प्रत्येक वळणावर उंची मोजायची होती, आणि गुडघ्यात कुणीतरी वाळू भरल्यासारखं होत होतं. अर्ध्या वाटेवर सगळ्यांच्या फोनची रेंज गेली. पण पावणेदहा म्हणजे पावणेदहा. तिने काठी बाकाला बांधली, तार ताणली, एक तार जमिनीवर पसरली, रेडिओ मांडीवर घेतला, आणि बरोबर दहाच्या ठोक्याला पहिली हाक दिली.

ओ आली नाही.

असं पहिल्या मिनिटाला होतं कधीकधी. तिने पुन्हा हाक दिली. पाच मिनिटांनी पुन्हा. एरवी सूचना टाकून गेलं की माथ्यावर नुसती झुंबड उडायची, दहा जण एकमेकांच्या आवाजावर चढायचे आणि तिला एकेकाला रांगेत उभं करावं लागायचं. आज स्पीकरमधून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी खरखर येत होती, बाकी काही नाही. सव्वादहाला कुणी एक घाईतला माणूस भेटला, आकडा दिला, आकडा घेतला आणि गेला. एक. दहा पंचवीसला एक बाई भेटली, तिलाही योगायोगानेच ऐकू आलं होतं. दोन.

मग काहीच नाही.

धाकटीने जोडण्या काढून पुन्हा लावल्या. तारेची लांबी फूटपट्टीने मोजली. रेडिओला एकसारखा सूर सोडायला लावून तार नीट ताकद घेते की नाही ते पाहिलं. घेत होती. पुन्हा पाहिलं. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं.

"आई, तुम्ही तारेवर बसलायत."

"मला काही नाही झालं," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला नाही, तारेला होतं."

सासूबाई उठल्या, घडीचं स्टूल उचललं आणि चार पावलं लांब जाऊन पाठ करून बसल्या. त्यांच्या पाठीलाही बोलता येत असे.

"हा चार्जर कुणाचा चालू आहे?" धाकटीने विचारलं. "कसला तरी आवाज येतोय रेडिओत."

"माझा," भावजी म्हणाले. "पॉवर बँकवर फोन चार्ज करतोय. बोटीचं बुकिंग त्यात आहे."

"बंद करा. सगळ्यांनी फोन बंद करा. चार्जर, कॅमेरा, घड्याळं, सगळं."

"माझा कधीच बंद आहे," लेक म्हणाली. "श्वास पण बंद ठेवू का?"

"आणि तू," ती नवऱ्याला म्हणाली, "मघाशी काठी बांधताना तारेवर पाय दिलास. आतून तुटली असेल. वरून कळत नाही."

"मी पाय नाही दिला."

"मी पाहिलं."

"मी बाजूने गेलो. पाहिलंस तर बाजूने जाताना पाहिलंस."

"मग कशामुळे होतंय हे? चाळीस मिनिटं झाली. दोन जण. माझ्या उभ्या आयुष्यात असं झालेलं नाही. एक सकाळ मागितली होती मी. आठ दिवसांतली एक. तीसुद्धा मला अशी वरातीत मिळाली."

भावजींनी सँडविचचा डबा उघडायला घेतला होता, तो आवाज न करता परत मिटला. लेकीने आजीशेजारी जाऊन बैठक मारली.

धाकटीने रेडिओतली रेकॉर्ड केलेली हाक लावली. आता तो आपणहून, पूर्ण ताकदीने, दर पाच सेकंदांनी तिच्याच आवाजात हाका मारू लागला. स्वतःचा तो उत्साही आवाज पुन्हापुन्हा ऐकून तिला स्वतःचाच राग यायला लागला. अकरा वाजले. अकरा दहा. खाली दरीत मोटारींची लहानशी रांग सरकत होती, प्रत्येकाला कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं आणि बहुधा ते पोचतही होते.

अकरा वीसला एक म्हातारा आवाज आला. पाठीमागे कुत्रं भुंकत होतं. त्याने आकडा दिला, तिने दिला. तीन. तिने वहीत ओळ भरली. आणि मग तो म्हातारा सहज म्हणाला, "तुम्ही आज लवकर आलात. मी आपला सेट गरम व्हावा म्हणून लावून बसलो होतो."

"लवकर?"

"तुमची सूचना एक वाजताची आहे ना? माझ्याकडे ते इंटरनेट वगैरे नाही. मित्राने काल फोनवर वाचून दाखवली. हजाराला सहा कमी. सगळे येणार आहेत एकला. तो मित्र दुकान बंद करून येतोय, नाहीतर त्यालाच कळवलं असतं."

धाकटीने त्याचे आभार मानले. मग वहीच्या मागच्या पानावर दहा हा आकडा लिहिला आणि वजाबाकी केली. मग दुसरी केली. घरी असताना जागतिक वेळ काढायला घड्याळातून जितके तास वजा करायचे, तितकेच तिने काल वजा केले होते. अकरा वर्षं तीच वजाबाकी, हाताला इतकी बसलेली की डोक्याला विचारावंही लागत नसे. पण हे घर नव्हतं. इथलं घड्याळ घरच्यापेक्षा तीन तास पुढे होतं. आठ दिवस ती त्याच घड्याळाप्रमाणे जेवत होती, झोपत होती, बोटीची वेळ पाळत होती, आणि सूचना मात्र तिने घरी बसल्यासारखी टाकली होती.

तराजू तपासताना ती पहिल्यांदा काय बघते? रिकाम्या पारड्यावर काटा शून्यावर आहे का. नसेल, तर पुढे कितीही काळजीने तोललं तरी सगळं तेवढ्याने चुकतं. नव्या शिकाऊ मुलींना हे ती पहिल्या दिवशी सांगायची. आणि अशी चूक कुणाची असते, असं एखादीने विचारलं, तर सांगायची, ज्याने शून्य पाहिलं नाही त्याची.

खरं म्हणजे गप्प बसता आलं असतं. आज हवाच खराब आहे, रेडिओच्या लहरींचं असंच असतं, असं सांगितलं असतं तर इथल्या एकालाही पत्ता लागला नसता. पण एक वाजेपर्यंत थांबायचं तर का थांबायचं ते सांगावं लागणार होतं. तिने रेडिओ बंद केला आणि उठली. गुडघा कटकन वाजला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली.

"कुठली?" भावजींनी विचारलं. तासाभरात इतक्या चुका निघाल्या होत्या की प्रश्न रास्त होता.

तिने सांगितलं. सांगायला दोन मिनिटं लागली, आणि तिला ती फार वाटली. भावजी लक्ष देऊन ऐकत होते. वेळापत्रकातली चूक, आणि ती दुसऱ्याची, असा योग त्यांच्या आयुष्यात वारंवार येत नसे. पण ते हसले नाहीत. नुसते म्हणाले, "मी विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं. तीन तासांचं माझ्या कागदावर वरच्या कोपऱ्यात लिहिलंय."

"म्हणजे तारेचं काही नव्हतं," नवरा म्हणाला.

"नव्हतं."

"माझ्या पायाचंही नव्हतं."

"नव्हतं म्हटलं ना."

"नाही, दोनदा ऐकायला बरं वाटतं."

"एक वाजता सगळे येतील," ती म्हणाली. "मला एकच हवाय. पाच मिनिटांचं काम. पण तोपर्यंत थांबलो तर बोट..." ती सासूबाईंकडे वळली. "आई, तुम्ही म्हणालात तर थांबता येईल."

सासूबाईंनी स्टुलावर बसल्या बसल्या गुडघ्यांवर हात ठेवले. "मी नाही म्हणते," त्या म्हणाल्या. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. "मी बोटीत जाणार आहे असं मैत्रिणींना सांगून आलेय. माझंही वय काही परत येण्याचं नाही. तू थांब. मी नाही थांबणार."

धाकटीला राग आला, पण तो ठेवायला कुठे जागाच सापडेना. सासूबाई बोलल्या ते खरं होतं. शेवटी असं ठरलं की भावजी, सासूबाई आणि लेक खाली जातील, बोट करतील, आणि भावजी पाच वाजता डोंगराच्या पायथ्याशी परत येतील. नवरा थांबेल.

"तू पण जा," ती म्हणाली.

"आणि तू गुडघ्यावर घरंगळत ये."

जाताना लेकीने दोन सँडविच आणि पाण्याची बाटली बाकावर ठेवली. "आई, घड्याळ इथलंच बघ हं," ती म्हणाली, आणि तिला उत्तर मिळायच्या आत आजीचा हात धरून वाटेला लागली.

माथ्यावर दोघंच उरली. वारा उलट मोठा झाला. खरं तर तिला हवं होतं ते हेच, शांतता आणि रेडिओ, आणि आता ते दीड तास नुसतं पुढ्यात पडलं होतं. नवऱ्याने सँडविच खाल्लं. तिचं तिने हातातच धरलं.

"तासभर झापत होतीस सगळ्यांना," तो म्हणाला.

"माहितेय."

"आईला तारेवरून उठवलंस."

"त्या तारेवर बसल्याच होत्या. ते वेगळं."

"बरं."

"चुकलं माझं," ती म्हणाली. दात उपटून घेताना बोलावं तसं. "तुला बोलले ते."

तो मान हलवून दरीकडे बघत राहिला. माफी मिळाली होती, पण तिने ती इतकी तोलून दिली होती की त्याला पोटभर वाटली नसावी.

पावणेएकला तिने रेडिओ पुन्हा चालू केला, आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघून तिचा हात थांबला. बॅटरी तळाला टेकली होती. लहान बॅटरी तिने हिशेब करूनच आणली होती. दोन तास पुरली असती, कारण एरवी बोलणं थोडं आणि ऐकणं जास्त असतं. पण आज पाऊण तास रेडिओ पूर्ण ताकदीने हाका मारत होता, आणि मध्येमध्ये तार तपासायला तिने एकसारखा सूर सोडला होता, तो वेगळाच. जी तार मुळात ठीक होती ती.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"वीज संपत आली. सगळी मघाशी ओरडण्यात घालवली."

"रेडिओने की तू?"

तिने ताकद कमी करत करत अगदी शेवटच्या पायरीवर आणली, आणि रेडिओ पंधरा मिनिटं बंद ठेवला. बॅटरीला विसावा दिला तर ती जराशी सावरते.

एक वाजता तिने रेडिओ लावला, आणि स्पीकर माणसांनी भरून गेला. ऐकायला वीज फारशी लागत नाही. एकमेकांना विचारत होते, आली का, कुणाला ऐकू आली का, थांबा जरा, जागा मोकळी ठेवा. तिने मोजले. अकरा आवाज होते. कुत्रेवाला म्हातारा त्यांना सांगत होता की ती सकाळी आली होती, तिच्या घड्याळात काहीतरी गडबड आहे, पण ती नक्की येईल. म्हणजे तेही सगळ्यांना कळलं होतं.

तिने बटण दाबलं आणि आपलं संकेतनाम, म्हणजे रेडिओवरचं नाव, म्हटलं. अर्ध्यातच पडदा काळा झाला आणि रेडिओ बंद पडला.

तिने दोन मिनिटं थांबून तो पुन्हा लावला. यावेळी नाव पुरतं गेलं. एका जाड आवाजाच्या माणसाने ते पकडलं आणि बाकी सगळे एकदम गप्प झाले. सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी जागा केली होती. तो सावकाश, एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, "तुम्ही फार क्षीण आहात, पण आहात. तुमचा आकडा तीन-तीन. माझा सांगा."

तिने वहीत तीन-तीन लिहिलं. बटण दाबलं. "तुमचा पाच..." आणि पडदा काळा.

"पाच ऐकलं," रेडिओ परत लागला तेव्हा तो म्हणत होता. "पुढचा आकडा आला नाही. पुन्हा सांगा."

ती थांबली, दाबलं, काळं. पुन्हा थांबली, यावेळी पाच मिनिटं, रेडिओ नुसता ऐकण्यापुरता लावून. त्या पाच मिनिटांत अकराजण काही न बोलता थांबून होते, मध्येच कुणाचा तरी खोकला येत होता. दाबलं. काळं. नवरा बाकाच्या टोकाला येऊन बसला होता आणि त्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

शेवटी तो जाड आवाज म्हणाला, "हे बघा, मला ऐकू येत असाल तर ऐका. तुमची बॅटरी गेलेली दिसतेय. हरकत नाही. मी तुमचा आकडा पाच-पाच धरतो आणि माझ्या वहीत तुम्हाला पूर्ण लिहितो. झाली तुमची चौथी गाठ. हजाराबद्दल आम्हा सगळ्यांकडून अभिनंदन." मागून दोघातिघांनी आपापलं अभिनंदन त्यात मिळवलं.

नवऱ्याने श्वास सोडला. "झालं की मग."

धाकटी वहीकडे बघत होती. चौथी ओळ. नाव, वेळ, आलेला आकडा. पाठवलेल्या आकड्याचा चौकोन कोरा.

"नाही झालं," ती म्हणाली. "माझा आकडा गेलाच नाही."

"तो म्हणतोय ना, धरतो म्हणून."

"धरतोय. मिळाला नाही त्याला."

"पाच गेला होता. अर्धा तर गेला."

"अर्ध्या किलोला मी किलोचा शिक्का मारते का?"

"अगं, त्याच्या वहीत आहे, तू तुझ्या वहीत लिही, दोन्ही जुळतील. कोण विचारणार आहे? कोण येणार आहे इथे तपासायला?"

तपासायला येणारी ती स्वतःच होती, आणि ती आधीच येऊन बसली होती. पण हे बोलून दाखवायचा तिला कंटाळा आला. तिने पेन घेतलं आणि चौथ्या ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढली. हात जराही हलला नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

"मग आपण थांबलो कशासाठी?" नवऱ्याने विचारलं. आवाज चढवला नाही त्याने, पण तो उठला आणि काठीची दोरी सोडायला लागला. गाठ सुटेना तेव्हा तिला जरुरीपेक्षा जोराने हिसके दिले.

रेडिओ अजून चालू होता. नाही म्हणायलाही तिच्याकडे वीज नव्हती, आणि ते आनंदात होते. एकाने तिच्या देशातल्या एका डोंगराबद्दल विचारलं आणि दुसऱ्याने चुकीचं उत्तर दिलं. मग ते एकेक करून निरोप घेऊ लागले, कुणाला जेवायचं होतं, कुणाला दुकान उघडायचं होतं. शेवटी म्हातारा आणि त्याचं कुत्रं राहिलं, आणि मग तेही गेले. तेव्हा तिने रेडिओ बंद केला.

गुडघ्यामुळे उतरायला अडीच तास लागले. नवऱ्याने दोन्ही पिशव्या घेतल्या आणि अवघड उतारावर हात दिला. पायथ्याशी भावजींची गाडी आधीच येऊन उभी होती, पाचला दहा कमी असताना. मागच्या सीटवर लेक झोपली होती. सासूबाई पुढे बसल्या होत्या, पर्स मांडीवर, केस वाऱ्याने विस्कटलेले.

"मिळाले का?" त्यांनी काच खाली करून विचारलं. "सहा."

"नाही."

"माणसं आली नाहीत?"

"आली. अकरा आली."

"मग?"

"घरी गेल्यावर सांगते, आई. लांबलचक आहे." धाकटीने दाराला हात टेकला. "बोट कशी होती?"

सासूबाईंनी भावजींकडे पाहिलं. भावजींनी समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"काच छान होती," सासूबाई म्हणाल्या. "चांगली जाड. खाली सगळं गढूळ. दीड तास वाकून बसले मी. एक चप्पल दिसली."

सासूबाईंनी दार उघडलं, सावकाश खाली उतरल्या आणि मागे जाऊन नातीचे पाय बाजूला सारून बसल्या.

"तू पुढे बस," त्या म्हणाल्या. "पाय लांब करता येईल."